त्या काळ्या पावडरीबद्दल, ताई

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव कुठे छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई लिहिते. पण आभार चारचौघांतच मानायचे होते. आपल्या भागात सूत रंगवणाऱ्या लहान शेडी अजून बऱ्याच आहेत, त्यांच्याही कानावर ही गोष्ट जायला हवी.

काळ्या सुताची मागणी वाढली तसं आमच्या रंगाईच्या गटाने सल्फर ब्लॅक, म्हणजे सूत काळं करायची रंगाची पावडर, घाऊक घ्यायचं ठरवलं. पोती फोडून सगळा माल शेडमधल्या विटांच्या कोठीत ओतायचा, म्हणजे बारदान्याची कटकट नाही, असा हिशोब होता. माल आला तो ऐन मे महिन्यात. तेव्हा वर्धेकडे पारा 45 च्या वर जातो आणि टिनाखाली काय होतं ते शेडमध्ये उभं राहिल्याशिवाय कळत नाही. थप्पीच्या मधल्या पोत्याला हात लावला तर ते कडेच्या पोत्यांपेक्षा गरम लागलं. व्यापाऱ्याला फोन केला. "पावडर आहे बाई, पेट्रोल नाही," म्हणाला आणि हसला. त्याच्या सुरक्षा-पत्रकात आपोआप पेट घेण्याच्या रकान्यात 'माहिती उपलब्ध नाही' एवढंच होतं. असं वाक्य 'धोका नाही' म्हणून वाचायची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. तुम्ही तसं वाचलं नाही. "कोठीत ओतू नका, थप्पी मोडून पोती सुटी ठेवा, आणि नमुना घेऊन या," एवढंच फोनवर म्हणालात.

एसटीने नागपूर गाठून नमुना तुमच्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवला, तेव्हा पहिली चाचणी बघून मला वाटलं, चला, सुटलो. चमचाभर पावडर मीटरभर उंचीवरून फरशीवर सोडायची आणि पाच मिनिटं बघत राहायचं. हवा लागताच पेटते का, एवढंच त्यात कळतं. पावडर ढिम्म. पुन्हापुन्हा टाकली, तरी ढिम्म. मी पिशवी आवरायला लागले तर तुम्ही म्हणालात, "बसा, ही तर नुसती ओळख झाली."

मग ती जाळीची टोपली काढलीत. स्टेनलेस स्टीलची, दहा सेंटिमीटरची चौकोनी, वरून उघडी. जाळी इतकी बारीक की धरून बघितली तरी भोकं दिसेनात. पावडर भरून, ठोकून बसवून, वरून सपाट केलीत. तापमान मोजणारी केसासारखी एक तार बरोबर मध्यात खोचली, दुसरी बाहेर लोंबती ठेवली. ओव्हन 140 अंशांवर, चोवीस तास. संयुक्त राष्ट्रांच्या चाचणी-पुस्तिकेतली ही एन.4 चाचणी, असं तुम्ही सांगितलंत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दाखवलेला आलेख मी विसरणार नाही. बाहेरच्या तारेची रेघ 140 वर आडवी. आतल्या तारेची रेघ चढत येऊन तिला गाठते, आणि थांबायचं सोडून वरच जात राहते. ओव्हनपेक्षा 60 अंश जास्त, म्हणजे 200 ची हद्द ओलांडली की चाचणीच्या भाषेत पदार्थ स्वतःहून तापणारा ठरतो. आमच्या पावडरीने ती हद्द रातोरात ओलांडली होती. टोपली बाहेर काढली तर गंधकाच्या वासाने ठसका लागला. मधोमध करड्या राखेचा गोळा होता आणि कोपऱ्यांत मात्र जशीच्या तशी काळी पावडर.

अडीच सेंटिमीटरच्या टोपलीत तीच पावडर त्याच 140 अंशांवर शांत राहिली. मला वाटलं, दोनातला एक निकाल चुकीचा. तुम्ही कागदावर दोन चौकोन काढलेत. उष्णता तयार होते ती आतल्या सगळ्या मालात, बाहेर जाते ती फक्त पृष्ठभागातून. बाजू दुप्पट केली की माल आठपट होतो, पृष्ठभाग चौपटच. म्हणून ढीग जितका मोठा, तितक्या कमी तापमानाला तो हाताबाहेर जातो. 140 हा आकडाही लाकडी कोळशावरून आलाय: 27 घनमीटरच्या कोळशाला आपोआप पेटायला 50 अंश पुरतात, लिटरभराच्या घनाला, म्हणजे तुमच्या मोठ्या टोपलीएवढ्या मालाला, 140 च्या आसपास लागतात. वणी-घुग्घूसकडे दगडी कोळशाच्या ढिगांतून काडी न लावता धूर निघतो तो काही वेगळा नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. गावात येऊन मी हे सांगितलं तर आमच्या सुताच्या लडी पिळणाऱ्या आजी लगेच म्हणाल्या, "म्हंजे ओल्या सरकीचा ढीग आतून तापते, तसंच नं वो?" अगदी तसंच, आजी.

एवढ्यावर 'धोकादायक' असा शिक्का मारून तुम्ही मोकळ्या झाला असता तरी आमची तक्रार नव्हती. पण माल तर घेऊन बसलो होतो, त्याचं करायचं काय? म्हणून तुम्ही आपलं रोजचं काम सांभाळून मोठी टोपली पुन्हा लावलीत. 120 अंशांवर पावडर परत भडकली. 100 वर चोवीस तास गप्प राहिली. याचा अर्थ वाहतुकीच्या नियमांत 450 लिटरपर्यंतच्या डब्यातल्या मालाला 4.2 हा वर्ग, म्हणजे आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांचा, लागत नाही. हे ऐकून आमच्या खजिनदार बाई खूश झाल्या, तर तुम्ही लगेच त्यांना अडवलंत: तो नियम ट्रकसाठी आहे, टिनाखाली महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या मालासाठी नाही. पोती एकाला एक लावून रचली की ती वेगवेगळी पोती राहत नाहीत, एकच ढीग होतो.

तुम्ही सांगितलं तसं आता सगळं लावलंय. झाकणाचे लहान ड्रम, दोन ड्रमांमध्ये माणूस जाईल इतकी जागा, खाली लाकडी पाट. माल मातीच्या खोलीत हलवलाय, ती दुपारीही बरी असते. विटांच्या कोठीत आता सरपण आहे, तेही दुसऱ्या टोकाला. हायड्रोसचा, म्हणजे रंगाईत लागणाऱ्या सोडियम हायड्रोसल्फाइटचा, डबा वेगळ्या कपाटात. त्याला थोडंसं पाणी लागलं तरी तो तापून पेटू शकतो, म्हणून ओला चमचा त्यात घालायला सक्त मनाई. रोज सकाळी ड्रमांत लांब दांडीचा थर्मामीटर खुपसून आकडा वहीत लिहितो. पहिले काही दिवस बाया हसल्या. आता एखादीचा आकडा लिहायचा राहिला तर बाकीच्या तिला सोडत नाहीत.

त्या व्यापाऱ्याला तुमच्या रिपोर्टची प्रत पाठवली. उत्तर आलं नाही, पण पुढच्या मालाबरोबर आलेल्या पत्रकातला तो रकाना रिकामा नव्हता.

नव्या मालाचा बॅच नंबर वेगळा आहे. बॅच बदलली की पुन्हा तपासायचं, हे तुमचंच सांगणं, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात नमुना भरून ठेवलाय. मंगळवारी आमच्यातली एक जण घेऊन येईल. बरोबर काळ्या सुताची एक चादर आहे. ती परत पाठवायची नाही.

तुमची,
गटाची सचिव, आणि रंगाईच्या शेडमधल्या सगळ्या जणी
देवळी तालुका, जि. वर्धा