ग्रिओंच्या लेखावर ढोलाचे छायाचित्र

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत पश्चिम आफ्रिकेतील ग्रिओंना, म्हणजे पिढीजात स्तुती आणि वंशावळी गाणाऱ्या गायक-वादकांना, पानभर जागा दिलीत, आभार. पण मथळ्याखाली छायाचित्र जेंबे या ढोलाचे! जेंबेचे नाते परंपरेने लोहारांच्या नुमू समाजाशी जोडतात. ग्रिओंची वाद्ये कोरा, बालाफोन (लाकडी पट्ट्यांचे वाद्य) आणि न्गोनी (छोटे तंतुवाद्य). आफ्रिका म्हटले की ढोल छापायचा, असे ठरले असेल तर बोलणेच खुंटले.

कोराची बोळवण ‘वीणेसारखे तंतुवाद्य’ एवढ्यावर केली आहे. अर्ध्या भोपळ्यावर गाईचे कातडे, आरपार गेलेला लाकडी दांडा, कातड्यावर उभी घोडी आणि तिच्या खाचांतून 21 तारा. डाव्या हाताला 11, उजव्या हाताला 10. तारा छेडायच्या दोन अंगठ्यांनी आणि दोन तर्जनींनी, उरलेल्या बोटांनी मुठी धरायच्या. पूर्वी तारा चामड्याच्या असत, आता मासेमारीचा नायलॉन दोरा लावतात. दांड्यावरची चामडी कडी वरखाली सरकवून सूर लावायचा. ती घट्ट बसलेली असते, त्यामुळे कार्यक्रम चालू असताना पट्टी बदलणे अवघड. त्यात हवा दमट झाली की कातडे सैलावते आणि लावलेला सूर उतरतो. म्हणून आता अनेक वादक कड्या काढून गिटारच्या खुंट्या बसवून घेतात. लेखाचा विषय ‘आधुनिक काळातील ग्रिओ’ होता ना?

मालीचे गायक सलिफ केइता यांनाही ग्रिओ करून टाकले आहे. केइता हे माली साम्राज्याचा संस्थापक सुंदियाता याच्या राजकुळाचे आडनाव. या कुळातल्याने गाणे हा पेशा धरला, म्हणून तर घरून विरोध झाला.

राहिले ‘लोप पावत चाललेली परंपरा’. मालीची राजधानी बामाकोत आजही बारशाला, लग्नाला ग्रिओ हवेच. मुलीला मागणी घालताना कोलाच्या बिया (कोला नट) घेऊन जाणारा मध्यस्थ तोच आणि भाऊबंदकीत दोन्ही बाजूंना चार शब्द सुनावण्याची मुभाही त्यालाच. दुखणे वेगळेच आहे. हाती माइक आला, तशी काहींची स्तुती खिसा बघून होऊ लागली. समोरच्याची वंशावळ पाठ नसली तरी आडनावावर भागते, केइता म्हटले की सुंदियाता! नोटा मिळेपर्यंत ग्रिओ गायिका समोरून हलत नाही, याबद्दल तिथले लोकच कुरकुर करतात. परंपरा लोपत असती, तर ही कुरकुर कशाला झाली असती?

पुढच्या रविवारी निदान छायाचित्राची दुरुस्ती छापावी.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर

ता.क. त्याच पुरवणीतले शब्दकोडे आदल्या रविवारचेच आहे. उत्तरेही शेजारीच छापली आहेत.