फटफटी जपता, मग साइडकार भंगारात का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पेपरात विंटेज गाड्यांच्या रॅलीचे फोटो आले होते ते बघून हे पत्र लिहायला बसलोय. गाड्या एकसे एक होत्या, क्रोम चकचकीत, टाकीवरच्या सोनेरी रेघासुद्धा जशाच्या तशा, पण एकाही मोटरसायकलला साइडकार, म्हणजे बाजूला जोडायची एकचाकी बैठक, नव्हती आणि ते मला फार लागलं. कारण त्या काळातल्या कितीतरी गाड्या जोडीनंच चालायच्या आणि आता रिस्टोअर करताना लोक फक्त फटफटी ठेवतात, बाजूचा भाग जागा अडवतो म्हणून विकून मोकळे होतात.

आमच्याकडे बीएसए एम-20 ही जुनी ब्रिटिश मोटरसायकल आहे. वडिलांनी 1961 साली पुण्याच्या कँपातून सेकंडहँड घेतली, मिलिटरीतनं निघालेली, 500 सीसी सिंगल सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह म्हणजे झडपा सिलिंडरच्या बाजूला असलेलं जुन्या धाटणीचं इंजिन. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी ही सव्वा लाखाच्या आसपास बनली होती. पळायला काही खास नाही पण ओढायला बैलासारखी, म्हणून वडिलांनी मुद्दाम साइडकारसकट घेतली. पौर्णिमेला मिरजेहून नरसोबाच्या वाडीला जायचो तेव्हा साइडकारमधे आजी, तिच्या पायाशी मी, मागच्या सीटवर आई आणि तिच्या मांडीवर धाकटी बहीण, येताना कवठाच्या बर्फीचा पुडा आजीच्या पदरात. डावं वळण आलं की वडील ओरडायचे, "डावीकडं सरका रे", आणि आम्ही सगळे डावीकडं कलायचो, कारण त्या वळणाला साइडकारचं चाक उचलतं. एकटे जायचे तेव्हा ते रिकाम्या साइडकारमधे वाळूचं पोतं ठेवायचे, वजन नसलं की ते चाक लगेच उचलतं हे कारण मला मोठा झाल्यावर कळलं.

साइडकारची गाडी चालवणं हे वेगळंच कसब आहे. साधी मोटरसायकल आपण कलवून वळवतो, ही कलतच नाही, हँडल ओढूनच वळवावी लागते. रेस दिली की गाडी डावीकडं खेचते कारण साइडकार मागं राहायला बघते, आणि ब्रेक मारला की उजवीकडं, कारण ती तशीच पुढं जाऊ बघते. त्यामुळं जोडतानाच साइडकारचं चाक किंचित आत, मोटरसायकलकडं वळवायचं आणि मोटरसायकल किंचित बाहेरच्या बाजूला झुकवायची, हे जमलं नाही तर दहा किलोमीटरमधे दंड भरून येतात. वडील हे दोरी आणि लाकडी पट्टी लावून करायचे, अख्खा रविवार जायचा.

आणि या वस्तूचा इतिहास काय थोडाथोडका आहे का! बर्मिंगहॅमच्या फ्रेड वॉटसन यांच्या घराकडं जायची बोळ इतकी अरुंद की साइडकार आत जाईना, म्हणून त्यांनी घडी घालता येणारी साइडकार बनवली आणि 1912 मधे त्यातनं वॉटसोनियन कंपनी उभी राहिली. 1922 मधे ब्लॅकपूलला विल्यम लायन्स आणि विल्यम वॉम्सली या दोन पोरांनी स्वॅलो नावानं ॲल्युमिनियमच्या साइडकार बनवायला घेतल्या, तीच कंपनी पुढं जॅग्वार झाली. म्हणजे आज ज्या जॅग्वारभोवती रॅलीत गर्दी होते तिचं मूळ साइडकारमधे आहे हे किती जणांना माहीत असेल? पहिल्या महायुद्धात साइडकारवर मशीनगन बसवून पलटणी उभ्या केल्या होत्या, दुसऱ्यात जीप आली आणि सैन्यातलं त्यांचं काम संपत गेलं, पुढं इंग्लंडमधे 1959 ला मिनी ही छोटी मोटार आली, चार माणसं छपराखाली बसायला लागल्यावर साइडकार कोण घेणार. आपल्याकडं मात्र स्कूटरला साइडकार लावून अख्खी कुटुंबं त्यानंतरही कितीतरी वर्षं फिरली.

आमची साइडकार कशी गेली ते सांगतो. 1994 साली इंजिनच्या कामाला गाडी एका गॅरेजला दिली होती, दीड महिन्यानं आणायला गेलो तर मोटरसायकल एकटीच स्टँडवर. साइडकार गंजली होती, जागा नव्हती, भंगारवाल्याला किलोवर दिली असं सांगितलं, विचारलंसुद्धा नाही. वडील काही बोलले नाहीत, फ्रेमवर जिथं क्लॅम्प असायचे तिथं रंग घासून लोखंड उघडं पडलेलं आहे त्यावर नुसता अंगठा फिरवत उभे राहिले. त्या चारही खुणा मी अजून रंगवू दिलेल्या नाहीत.

2021 च्या जुलैमधे केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांचे नियम काढले, 50 वर्षांवरची गाडी, मूळ रूपात असलेली, तिला व्हीए अक्षरांची वेगळी नंबर प्लेट, नव्या नोंदणीला 20 हजार फी. चांगलं झालं. पण मूळ रूप म्हणजे काय? मोटार वाहन कायद्यातली मोटरसायकलची व्याख्याच सुटी करता येणारी साइडकार धरून केलेली आहे, म्हणजे कायदा तिला गाडीचाच भाग मानतो, मग आपण तिला ॲक्सेसरी का समजतो? रॅली भरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की जिथं साइडकारसाठी वेगळा वर्ग नाही तिथं तो ठेवा. आणि ज्यांच्या गोठ्यात, माळ्यावर, वाड्याच्या मागच्या पडवीत अशी एखादी पडून असेल त्यांनी किलोवर घालायच्या आधी निदान एखाद्या जुन्या मिस्त्रीला दाखवा, बॉडी सडली असली तरी खालची चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, बहुतेक वेळा वाचते.

मी स्वतः एम-20 साठी साइडकारची चासी शोधतोय. बाजारात उरल या रशियन मोटरसायकलची दाखवतात, पण ती गाडी बीएमडब्ल्यूच्या आर-71 वरनं उचललेली आणि तिकडं वाहतूक उजवीकडनं, त्यामुळं तिची साइडकार उजव्या बाजूला येते. मला डावीच पाहिजे, चार क्लॅम्पची, माझ्या फ्रेमवरच्या खुणांवर बसेल अशी.

आपला,
एक जुना वाचक, मिरज