पेन्सविकची थडगी पावसाने ढासळत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्सच्या सफरीवरचा लेख रंजक होता. पण पेन्सविकच्या सेंट मेरी चर्चच्या आवारातली कोरीव थडगी म्हणजे ‘दगडी शवपेट्या’ आणि त्या ‘पावसाने झिजून ढासळताहेत’, ही दोन्ही विधानं चुकीची आहेत.

१७व्या-१८व्या शतकात लोकरी कापडावर गबर झालेल्या व्यापाऱ्यांची ही थडगी. देह खाली जमिनीत असतो. वरची पेटी पोकळ, नाहीतर विटांनी भरलेली. जोतं, चार बाजूंना उभ्या फरशा आणि वर आडवी शिळा. सहा बाय तीन फुटांची, पाच इंच जाडीची शिळा ४०० किलोंच्या वर भरते. फरशा एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून टोकं वाकवलेल्या लोखंडी पट्ट्या शिसं ओतून बसवत. खरी मेख इथेच आहे. शिळेखालची दरज उघडली की पाणी पट्टीपर्यंत पोचतं, लोखंड गंजून फुगतं आणि कोपरा आतून फोडतं.

पाऊस जिथे थेट धुतो तिथला दगड उलट फिकट, स्वच्छ राहतो. शिळेच्या वळचणीला मात्र काळी खपली धरते. कोळशाच्या धुरातल्या गंधकाने चुनखडीच्या दगडाचं जिप्सम होतं आणि ती खपली सुटते ती नक्षी घेऊनच. म्हणून तारेचा ब्रश लावायचा नाही.

त्यात भर सिमेंटची. आपला काळा पाषाण पाणी फारसं पीत नाही, हा दगड पितो. दरजेत सिमेंट भरलं की ते पाणी दगडातूनच बाहेर पडू पाहतं, थंडीत गोठतं आणि दगडाची कड उडते. सिमेंट तेवढं शाबूत!

दुरुस्ती करताना दगडांवर क्रमांक घालून शिळा चेनपुलीने उचलतात, लोखंडाजागी स्टेनलेस स्टील बसवतात आणि एक भाग चुन्याला तीन भाग वाळू घेऊन दरजा भरतात. वर ओलं गोणपाट. पारा ५ अंशांखाली असेल तर चुन्याचं काम काढतच नाहीत. आयव्हीची वेल उपटत नाहीत. बुंध्याशी कापून सुकू देतात. तिथल्याच पाथरवटाचं, जॉन ब्रायनचं (मृत्यू १७८७) थडगं पिरॅमिडसारखं आहे, त्यावर पाणी साचायला जागाच नाही.

छायाचित्रात पर्यटक शिळेवर बसलेले दिसतात. कोपरा फुगलेला असेल तर अशा पेटीला टेकूही नये.

– एक वाचक, पुणे