गावातल्या सर्व्हरला आधी नीट सप्लाय द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शाळेत किंवा गावच्या वाचनालयात रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटर-बोर्डावर छोटा वेब सर्व्हर (इतरांच्या मोबाइल-कॉम्प्युटरला वेबपाने पुरवणारा) बसवला आणि महिनाभरात तो बंद पडला, की 'खेळण्यातला कॉम्प्युटर, टिकून टिकणार किती' हा शेरा ठरलेला. बोर्ड बहुतेक वेळा धडधाकट असतो. खोट निघते ती चार्जरमध्ये, नाहीतर मेमरी कार्डात.

रास्पबेरी पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपियरचा सप्लाय लागतो. घरात पडून असलेला मोबाइलचा चार्जर आणि बारीक, लांबलचक केबल लावली की बोर्डापर्यंत येईस्तोवर व्होल्टेज ४.६३ च्या खाली जाते. बोर्ड लगेच मरत नाही, इथेच फसगत होते. तो रखडत चालतो आणि एखाद्या दिवशी कार्डावर लिहिता लिहिता अर्ध्यात बंद पडून फाइली खराब करतो. बोर्डावर 'vcgencmd get_throttled' ही कमांड देऊन '0x' च्या पुढचा आकडा पाहा. नुसते शून्य आले तर ठीक. ५०००० आले तर सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडले होते. ५०००५ आले तर या क्षणीही पडलेले आहे.

रब्बीत मोटारपंप सुरू झाले की आपल्याकडे लाईनचा दाब उतरतो. त्याचे फार मनावर घेऊ नये. चांगला चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो. घात करते ती लाईन जाऊन दोन सेकंदांत परत येणे. त्यावर स्वस्त इलाज आहे: यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपियर-अवरची बॅटरी, तिचा चार्जर आणि ५ अँपियरचा बक कन्व्हर्टर (१२ व्होल्टचे ५ करून देणारे छोटे सर्किट). बॅटरी ८४ वॅट-अवरची, पण निम्मीच वापरावी. सर्व्हर ४ वॅटच्या आसपास खातो, म्हणजे आठ-नऊ तास निघतात. राउटरही त्यावरच घेतला तर चारेक. बॅटरीच्या प्लसवर ३ अँपियरचा फ्यूज हवाच. आणि कन्व्हर्टर बोर्डाला जोडण्याआधी मल्टिमीटर लावून त्याचा बारका स्क्रू फिरवत ५.१ व्होल्टवर आणा. नवा कन्व्हर्टर कितीवर लावलेला येईल याचा नेम नसतो. ९ व्होल्ट गेले की बोर्ड संपला.

सॉफ्टवेअरचे काम तासाभराचे. रास्पबेरी पाय ओएस लाइट ही ऑपरेटिंग सिस्टीम कार्डावर उतरवतानाच इमेजर या कार्ड लिहिणाऱ्या प्रोग्राममध्ये युजर, पासवर्ड आणि एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लॉगिन करण्याची सोय) भरून टाका. 'पाय' नावाचा तयार युजर २०२२ पासून मिळत नाही, त्यामुळे जुने व्हिडिओ पाहून लोक लॉगिनलाच अडतात. मग ॲप्ट या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या कमांडने एनजिनएक्स हा वेब सर्व्हरचा प्रोग्राम बसवा. किविक्स या इंटरनेटशिवाय विकिपीडिया दाखवणाऱ्या प्रोग्रामवर मराठी विकिपीडिया ठेवणार असाल तर एक ध्यानात घ्या: दोघेही ८० नंबरचाच पोर्ट (प्रोग्रामचे नेटवर्कवरचे दार) मागतात. किविक्सला ८०८० द्या, नाहीतर जो नंतर सुरू होईल तो उठणारच नाही.

सगळे चालू लागले की रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये ओव्हरले फाइल सिस्टीम चालू करा. यापुढचे सगळे लिखाण रॅममध्ये होते, कार्डाला हात लागत नाही, कोणी प्लग उपटला तरी बिघडत नाही. अपडेट करायच्या आधी मात्र ते बंद करा. नाहीतर केलेले अपडेट रीबूटनंतर गायब!

पाय ४ मध्ये बॅटरीवरचे घड्याळ नसते. इंटरनेट नसेल तर लाईन गेली की तारीख मागे पडते, म्हणून डीएस३२३१ हे बॅटरीवरच्या घड्याळाचे मॉड्यूल जोडा. उन्हाळ्याचे म्हणाल तर बोर्ड ८० अंशांना आपला वेग कमी करतो. मे महिन्यात टिनाखालच्या खोलीतच ४५ अंश असतात, त्यात बंद प्लास्टिकची डबी म्हणजे भट्टी. ॲल्युमिनियमची डबी घ्या. पंखा नको, कापसाच्या दिवसांत तो तंतूंनी जाम होतो.

मोबाइल सिमच्या इंटरनेटवर हा सर्व्हर बाहेरच्या जगाला दाखवायच्या फंदात पडू नये. कंपन्या एकच इंटरनेटचा (आयपी) पत्ता अनेकांत वाटतात, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट उघडूनही बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही. गावापुरता राउटरच्या वायफायवर तो मजेत चालतो.

आणि दोन इमारतींमध्ये उघड्यावरून लॅनची वायर ओढू नका. मृगाआधीच्या वादळात जवळपास वीज पडली तरी त्या वायरीतून झटका येतो आणि राउटर, बोर्ड दोन्ही जातात.

आपला,
एक वाचक,
ता. दर्यापूर, जि. अमरावती