पोस्ट निघाल्यावर

सातारा

प्रिय सुन्या,

तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच. वहिनींना नमस्कार सांग.

काल दादाकडे गेलो होतो. बंट्या स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला लागल्यापासून त्याचा तबला-डग्गा कपाटावर चढलाय, गवसणीवर चालू घडामोडींच्या मासिकांची चळत. म्हणतो, "काका, पोस्ट निघाली की वाजवू." (म्हणजे निवड झाली की.) अजिंक्यताऱ्यावर जाणं बंद, मामेबहिणीच्या हळदीलाही गेला नाही. आणि दादा खूश, पोरगं सुधारलं म्हणे! दादा ऐकतो ते फक्त तुझं. मला अजून तो कॅरमच्या राणीवरूनच बोलतो. (तू कव्हर दिलंच नव्हतंस, ते असो.)

आधी यश मग आनंद, हा हिशेब पोराच्या डोक्यात कोणी भरला? ल्युबोमिर्स्की, किंग आणि डीनर या तिघा मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये सव्वादोनशे शोधनिबंध एकत्र तपासले. त्यांत पावणेतीन लाखांवर माणसं होती. यशानं माणूस खूश होतो हे आहेच, पण आनंदी माणसाला पुढे काम, कमाई, संसार चांगला जमतो, हेही त्यात वारंवार दिसलं. ॲलिस आयसेन आणि सहकाऱ्यांचा १९८७ चा प्रयोग बघ. मेणबत्ती, काडेपेटी, खोकंभर टाचण्या. मेण खाली न सांडता मेणबत्ती भिंतीवर लावायची. खोकं रिकामं करून भिंतीला टाचलं की झाली बैठक. आधी थोडा वेळ विनोदी फिल्म पाहिलेल्यांना हे कितीतरी जास्त सुचलं. सीसॅटला, त्या कल चाचणीच्या पेपरला, दुसरं काय लागतं? राज्यघटनेची कलमं मात्र घोकावीच लागतात, ती हसून येत नाहीत.

तेव्हा दादाला सांग, तबला खाली काढ. रोज वीस मिनिटं, तीही अभ्यासाच्या वेळापत्रकातच लिहून. "वेळ उरला तर" म्हटलं की उरत नाही. झोपताना वहीत तीन गोष्टी: आज काय बरं झालं आणि का झालं. "का" गाळला की नुसती यादी उरते. आठवडाभर रोज, पुढे आठवड्यातून एकदा. रोज रेटलं की "आई, चहा, अभ्यास" अशी हजेरी लागते. मानसशास्त्रज्ञ सेलिग्मन यांच्या २००५ च्या प्रयोगात याचा फरक सहा महिन्यांनीही दिसला, पण मुख्यतः ज्यांनी आपणहून चालू ठेवलं त्यांच्यात. म्हणून दादानं वही तपासायची नाही, हे त्याला दोनदा सांग. आणि "खूश आहेस का रे" असं सारखं विचारायचंही नाही. आनंद मोजत बसणारा चांगल्या प्रसंगातही हिरमुसतो.

मात्र दोन आठवडे झोप-भूक उडालेली, कशातच रस नाही असं दिसलं, तर वही-तबल्यावर विसंबू नका, सरळ डॉक्टरकडे न्या.

तुझी बदली टळली का? चिंगीच्या दहावीचं कळव. कंदी पेढे पाठवतोय, यंदा दादाच्या हाती नाही. मागच्या वेळी निम्मेच पोचले.

तुझा,
नाना