शेडमधल्या कामाबद्दल

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

"जीनोम शिकले आणि दिवसभर कोंबड्यांची विष्ठा गोळा करते," असं तू परवा फोनवर म्हणालीस. आई हसली, पण औषधांना न जुमानणारे जिवाणू त्या विष्ठेतूनच मिळतात आणि त्यांचाच जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, तू वाचणार आहेस, म्हणून मला त्यावर तुला लिहावंसं वाटलं. उभ्या नोकरीत मी जनावरांचे नमुने तपासायला पाठवले. उत्तर यायचं एका ओळीचं: ई. कोलाय (आतड्यातला एक जिवाणू), अमुक औषधाला दाद देत नाही. का देत नाही, हे त्या कागदावर कधीच नसायचं.

चीनमधलं एमसीआर-१ या जनुकाचं प्रकरण तू अभ्यासलं असशीलच. शांघायच्या एका डुक्करपालन फार्मवर कोलिस्टिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा ई. कोलाय सापडला. अतिदक्षता विभागात सगळं हरलं की डॉक्टर जे औषध काढतात, तेच चीनमध्ये डुकरांचं वजन वाढावं म्हणून खाद्यातून जात होतं! तोवर हा प्रतिकार जिवाणूच्या स्वतःच्या गुणसूत्रातल्या बदलांमुळे येतो, म्हणजे फार तर त्याच्याच पिलावळीत राहील, अशी समजूत होती. हा जनुक मात्र प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्रापासून सुट्या अशा डीएनएच्या छोट्या कड्यावर, निघाला. शेजारच्या जिवाणूला, अगदी वेगळ्या जातीच्या क्लेबसिएलालाही तो जाऊ शकतो. कत्तलीच्या ८०४ जनावरांपैकी १६६ मध्ये तो होता आणि १,३२२ रुग्णांपैकी १६ जणांत.

हे सांगणारा शोधनिबंध नोव्हेंबर २०१५ चा. काही आठवड्यांत डेन्मार्कच्या लोकांनी आधीच वाचून साठवलेले जिवाणूंचे सुमारे ३,००० जीनोम संगणकावर चाळले. एमसीआर-१ सापडला एका रुग्णाच्या रक्तातल्या जिवाणूत आणि कोंबडीच्या मांसाच्या पाच जुन्या नमुन्यांत. ते मांस बाहेरच्या देशांतून आलेलं होतं. आता हे 'बाहेरून आलेलं' जीनोममध्ये लिहिलेलं नसतं, मुक्ता. डीएनएची पन्नास लाख अक्षरं वाचलीस तरी कोंबडी कुठली, काय खात होती, कुठलं औषध प्यायली, हे त्यात मिळायचं नाही. ते नमुना घेताना कुणीतरी नोंदवलेलं असतं म्हणून पुढे उपयोगी पडतं. हा कंटाळवाणा भाग दुसऱ्यावर सोपवू नकोस, एवढंच माझं म्हणणं.

आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी आली. तरी शेडमध्ये गेलीस की खाद्याच्या पोत्यावरचं लेबल मोबाइलमध्ये टिपत जा. "औषध? छे, नुसतं टॉनिक देतो," असं मालक म्हणेल. वाद घालू नकोस. चहा घे आणि रिकाम्या बाटल्या कुठे पडल्यात तेवढं बघून ये. बूट तिथेच धुऊन निघ, एका शेडची घाण दुसऱ्या शेडमध्ये नको.

दिवाळीपर्यंत निकाल आले तर लॅपटॉप घेऊन ये. जनुक प्लाझ्मिडवर आहे की गुणसूत्रावर, हे डीएनएच्या छोट्या तुकड्यांवरून नीट ठरत नाही, लांब तुकडे वाचावे लागतात, असं तूच म्हणाली होतीस. ते जुळवतात कसे, ते मला एकदा बघायचंय.

तुझे,
बाबा