विनूच्या दुसऱ्या बायोप्सीविषयी

कलोन (जर्मनी), १८ जानेवारी

तीर्थरूप बाबा व आई यांस साष्टांग नमस्कार.

विनूच्या मानेत पुन्हा गाठ आल्याचे कळले. हॉजकिन लिम्फोमाचे (लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे) निदान एकदा झालेले असताना बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजचे (गोमेकॉचे) डॉक्टर तपासणीसाठी गाठीचा तुकडा पुन्हा कशाला मागतात, असे आत्या विचारते. तिला सांगा, त्यांचे म्हणणे रास्त आहे. केमोनंतर आलेली प्रत्येक गाठ तोच आजार असेल असे नाही; आपल्याकडे क्षयाचीही गाठ मानेत येते. आणि तोच आजार उलटला असला, तरी जुना तुकडा उपचारापूर्वीची स्थिती सांगतो, आजची नव्हे.

या गाठीत रीड-स्टर्नबर्ग नावाच्या रोगपेशी शंभरात जेमतेम एक-दोन, क्वचित पाच असतात. बाकी गर्दी आपल्याच रोगप्रतिकारक पेशींची असते, आणि तरीही ती निमूट उभी राहते, कारण त्या मूठभर पेशी अंगावर पीडी-एल१ हे प्रथिन वागवतात आणि ते टी-पेशींवरच्या (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवरच्या) पीडी-१ या प्रथिनाला जुळले की टी-पेशी हात आखडतात. या प्रथिनाचे जनुक नवव्या गुणसूत्रावर असते व बहुतेक रुग्णांत त्याच्या प्रती वाढलेल्या असतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या १०८ रुग्णांच्या अभ्यासात ज्यांच्यात ही वाढ सर्वांत ठळक होती, त्यांचा आजार अधिक पुढच्या टप्प्यातला आणि लवकर उलटणारा निघाला. टी-पेशींवर एलएजी-३, टिम-३ अशी त्यांना आवरणारी आणखीही प्रथिने सापडतात. पहिल्या आणि नंतरच्या तुकड्यात ती कशी बदलतात, हेच मी येथे प्रयोगशाळेत पाहतो.

पीडी-एल१ किती टक्के आले, यावर मात्र आत्याने झोप उडवून घेऊ नये. फुप्फुसाच्या कर्करोगात त्या आकड्यावर पुष्कळ ठरते. या आजारात ते जवळजवळ नेहमीच सापडते, म्हणून निव्होलुमॅब द्यायचे की नाही हे त्या आकड्यावर ठरत नाही. हे औषध टी-पेशींचा अडसर काढते, त्यामुळे कधी थायरॉइड किंवा फुप्फुसालाही त्रास होतो. कोणी त्याला नुसते ‘साधे इंजेक्शन’ म्हटले तर विश्वास ठेवू नका.

आई, हे तुकडे फॉर्मालिन या जंतुनाशक द्रावणातून आलेले असतात आणि कर्करोग संसर्गाने होत नाही, तेव्हा माझी काळजी नको. थंडीचे म्हणशील, तर दोष इथल्या लोकांचा आहे: बाहेर बर्फ असले तरी सूक्ष्मदर्शकाच्या खोलीच्या सगळ्या खिडक्या दिवसातून दोन-तीनदा सताड उघडायच्या, तेवढा वेळ हीटर बंद ठेवायचा, पाच मिनिटांनी पुन्हा लावायचा, नुसती फट ठेवलेली चालत नाही, कारण भिंतीला बुरशी धरते म्हणे, आणि माझ्या भाडेकरारातही हे कलम आहे! मी स्वेटर घालूनच बसतो.

परक्यांचे तुकडे रोज पाहणारा घरच्यांच्या वेळी पत्रे पाठवतो, असे काका म्हणाल्याचे कळले. मी तिथे येऊन गोमेकॉच्या डॉक्टरांपेक्षा वेगळे काय सांगणार होतो? तरी विनूसमोर ते वाक्य पुन्हा निघू नये, एवढे पाहा.

गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेच्या कार्डातून काय मिळते ते बाबांनी आधी विचारावे. उरलेल्यासाठी दोन लाख पाठवले आहेत. ते माझ्या लग्नासाठी ठेवलेल्यांतले आहेत हे आत्याला कळू देऊ नका. म्हापशाच्या स्थळाला दिवाळीपर्यंत थांबता येत असेल तर विचारा, नसेल तर त्यांना अडकवून ठेवू नका.

तुमचा,
सुहास